मोलाची गोष्ट

लहान गावात मास्तर म्हणून वीस वर्षे काढली, की एक बिनपगारी खाते माणसाकडे आपोआप चालून येते. ते खाते म्हणजे जुन्या वस्तूंची पारख. त्यातून तो मास्तर कादंबऱ्या लिहीत असला, तर विचारायलाच नको. ज्याला खोट्या माणसांच्या खऱ्या वाटणाऱ्या हकिकती रचता येतात, त्याला खऱ्या वस्तूंची हकिकत ठाऊक असणारच, असा लोकांचा सरळ हिशेब असतो.

त्यात आमचे सटाणे पडले बागलाणात. इथली जमीन उकरली की कांद्याच्या जोडीला इतिहासही वर येतो. पश्चिमेला साल्हेर उभा आहे. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच, १५६७ मीटर. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांची फौज उघड्या मैदानात मोडली. अलीकडे मुल्हेर, बागुल राजांची राजधानी. अशा मुलखात नांगराच्या फाळाला काहीतरी लागायचेच. कोणी तांब्याचा पैसा आणतो, कोणी वाळवीने खाल्लेला मोडी कागद, कोणी गोफणीच्या धोंड्याएवढा लोखंडी गोळा. वस्तू वेगळाली, प्रश्न मात्र एकच. "मास्तर, येनी किंमत कितली शे?" हे काय आहे, कोणत्या काळातले आहे, असे फारसे कोणी विचारीत नाही. पहिला प्रश्न किमतीचा.

२०२३ सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतले नाना संध्याकाळी घरी आले, तेव्हा त्यांच्या हातात लाल खणाची पुरचुंडी होती. नाना तसे अघळपघळ बोलणारे गृहस्थ. पण त्या दिवशी त्यांनी आधी दार लोटून घेतले आणि मग पुरचुंडी माझ्या टेबलावर, मुलांच्या सहामाहीच्या पेपरांवर ठेवली. आत एक रिव्हॉल्व्हर होते. हाताच्या पंजात मावेल एवढे लहान, आणि हळदी-कुंकवाने इतके माखलेले, की क्षणभर मला तो कुलदैवताचा टाकच वाटला.

"जॅक्सनला मारलं ना नाशकात," नाना हळूच म्हणाले, "ते हे."

त्यांच्या घरात ही गोष्ट तीन पिढ्या चालत आली होती. नानांचे पणजोबा नाशकाला कामाला होते. खून झाल्यावर धरपकड सुरू झाली, तेव्हा कोणीतरी त्यांच्या हातात हे शस्त्र दिले. त्यांनी ते रातोरात सटाण्याला आणून भिंतीतल्या बळदात, बाजरीच्या खाली दडवले. पुढे दर दसऱ्याला दारे लावून त्याची पूजा होत आली. नानांची आई, जिला सारी आळी मोठी माय म्हणते, सून म्हणून घरात आली तेव्हा सासूने तिला पहिल्या दसऱ्याला ही गोष्ट सांगितली, आणि कोणाला न बोलण्याची शपथ घातली.

मला शस्त्रांतले थोडेफार कळते ते कादंबरीच्या निमित्ताने. वडिलांच्या ट्रंकेतल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून मी वाढलो. झुंजार आणि काळापहाड यांच्या संगतीत बालपण गेलेल्या माणसाला पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे दोन शब्द एकाच वस्तूचे वाटतात. पुढे माझ्या एका कादंबरीत एका पात्राच्या हाती शस्त्र द्यायची वेळ आली, तेव्हा कुठे चुकू नये म्हणून मी वर्षभर मिळेल ते वाचले. पात्राने शेवटी गोळी झाडलीच नाही. पण वाचन अंगी राहिले.

त्या वाचनाच्या बळावर नानांना सांगण्यासारखी पहिली गोष्ट मोठी कडू होती. नाशकातला तो खून २१ डिसेंबर १९०९ रोजी झाला. विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता, आणि तिथे अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. शस्त्र होते ब्राउनिंग पिस्तूल. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हाती पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली होती, त्यांतले. कान्हेरे जागीच पकडले गेले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना फाशी झाली.

आता ब्राउनिंग पिस्तुलाच्या गोळ्या मुठीतल्या चपट्या खोक्यात एकावर एक रचलेल्या असतात. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने रिकामे टरफल बाहेर पडते आणि दुसरी गोळी नळीत सरकते. रिव्हॉल्व्हरला खोके नसते. त्याला फिरते चक्र असते, आणि एकेक घर नळीसमोर येते. टेबलावरच्या शस्त्राला सहा घरांचे चक्र होते. म्हणजे ते रिव्हॉल्व्हर होते, पिस्तूल नव्हते. आणि ब्राउनिंग तर नव्हतेच नव्हते.

पण हे मी लगेच बोललो नाही. वस्तूला आधी बोलू द्यावे, आपण मागून बोलावे, असा माझा शिरस्ता आहे. आत गोळी नाही ना, एवढे प्रथम पाहून घेतले. चक्राची सहाही घरे आरपार रिकामी होती. नानांच्या मुलाने पॉलिश कागद आणून घासायची तयारी दाखवली, तेव्हा मी त्याचा हातच धरला. जुन्या लोखंडावर चढलेला काळसर तांबूस रंग हे त्याचे वय असते; तो घासून काढला की वस्तू चकाकते आणि निम्म्याने स्वस्त होते. शिवाय घासण्याने पहिल्यांदा पुसली जातात ती ठशांची अक्षरे, आणि अक्षरे गेली की शस्त्र मुके झाले. आम्ही साधे तेल लावून ते रात्रभर कापडात ठेवले आणि सकाळी मऊ फडक्याने पुसायला लागलो. शंभरेक दसऱ्यांचे कुंकू हळूहळू सुटू लागले.

पहिली खूण चक्राच्या मागच्या कडेला सापडली. प्रत्येक घराच्या काठाला एक बारीक खाच होती. ही खाच म्हणजे या जातीच्या शस्त्राचे गोत्रच. याच्या काडतुसाच्या बाजूला एक खिळ्यासारखी काडी बाहेर आलेली असे. ती काडी त्या खाचेत बसायची, आणि वरून घोडा पडला की तीच आत घुसून दारू पेटवायची. काझिमिर लफोशो या फ्रेंच कारागिराने १८३५च्या सुमारास असले काडतूस काढले. त्याच्या मुलाने, यूजेनने, १८५४ साली त्यावर चालणारे रिव्हॉल्व्हर बनवले, आणि १८५८ साली फ्रेंच आरमाराने ते स्वीकारले. पुढे याहून सुरक्षित काडतुसे निघाली आणि ही जात मागे पडली. १९०९ साली कोणा क्रांतिकारकाने हे हाती घेतले असते, तर ते नव्या जगातले नव्हे, आजोबांच्या जगातले शस्त्र ठरले असते.

दुसरी खूण चापाची. त्याला खालून कडे नव्हते. चाप सुरीच्या पात्यासारखा दुमडून पोटाशी बसत होता. हे लढाईचे शस्त्र नव्हे. खिशात घालून प्रवासाला निघणाऱ्या माणसाचे.

तिसरी खूण सर्वांत मोलाची. चक्रावर एक तांदळाएवढा लंबगोल ठसा होता, आणि भिंगातून त्यात ई, एल, जी ही तीन रोमन अक्षरे व त्यांखाली एक तारा दिसला. हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या परीक्षागृहाचा ठसा. तिथे बनलेल्या प्रत्येक शस्त्रात जास्त दारू भरून बार काढून पाहात, आणि ते फुटले नाही तरच हा ठसा मारीत. १८९३ साली त्या लंबगोलावर मुकुट आला. आमच्या ठशावर मुकुट नव्हता. म्हणजे हे रिव्हॉल्व्हर १८९३ पूर्वीचे. जॅक्सनच्या खुनाच्या वेळी ते निदान सोळा वर्षांचे होते. कारखान्याचे नाव कुठेच नव्हते. लिएजमध्ये लहान लहान कारागीर घरोघरी असली शस्त्रे बनवीत आणि ती जगभर जात. शोधून शोधून एक आकडा मिळाला तो दोन अंकी. एकाच शस्त्राचे सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून घातलेला.

आकड्याचे महत्त्व काय असते, हे सांगायला मी नानांना एक खरी हकिकत सांगितली. भगतसिंगांचे पिस्तूल कित्येक वर्षे हरवल्यासारखेच होते. ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रविद्यालयात, इतर शस्त्रांच्या रांगेत, काळ्या रंगाखाली निनावी पडून होते. काही वर्षांपूर्वी तो रंग खरवडला, तेव्हा खालून आकडा निघाला, १६८८९६. लाहोर खटल्याच्या कागदांत कोल्ट पिस्तुलाचा जो आकडा होता, तोच. कागदातला आकडा आणि लोखंडावरचा आकडा एकमेकांना भेटले, आणि एका क्षणात एक जुने पिस्तूल राष्ट्राची ठेव झाले. आमच्या रंगाखालून मात्र तसे काही निघाले नव्हते.

नाना बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. "तरी, किंमत किती?"

प्रश्न लोभाचा नव्हता. डाळिंबाच्या बागेवर तेल्या पडला, की बागायतदाराची काय दशा होते ते बागलाणात कोणाला सांगायला नको. फळावर तेलकट डाग येतात, फळ तडकते आणि व्यापारी बांधावरूनच परत जातो. नानांचे दोन हंगाम असेच गेले होते. सोसायटीचे कर्ज डोक्यावर होते आणि धाकटी मुलगी नर्सिंगच्या शिक्षणाला नाशकात होती.

किमतीचे गणित फार चमत्कारिक आहे. याच जातीच्या, याच सात मिलिमीटरच्या एका रिव्हॉल्व्हरने १८७३ साली ब्रुसेल्समध्ये व्हेर्लेन या फ्रेंच कवीने आपल्या मित्रावर, रँबो या दुसऱ्या कवीवर, गोळी झाडली होती. २०१६ साली पॅरिसच्या लिलावात ते ४,३४,५०० युरोंना गेले. तसलेच दुसरे, गंजून पार सडलेले, १९६०च्या सुमारास एका शेतकऱ्याला ओव्हेर गावच्या शेतात सापडले. चित्रकार व्हॅन गॉगने त्याच गावात स्वतःला गोळी मारून घेतली होती. ते शस्त्र त्याचेच, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकले नाही. तरी २०१९ साली त्याला १,६२,५०० युरो आले. आणि ज्याला काही गोष्टच नाही, असे त्याच कारागिराच्या हातचे, चांगल्या स्थितीतले रिव्हॉल्व्हर युरोपात काहीशे युरोंत मिळते. लोखंड तेच, खाच तीच, ठसा तोच. फरक सारा गोष्टीचा.

आणि नेमकी याच ठिकाणी खरी अडचण सुरू झाली. नानांच्या ओळखीने कोणी एक गृहस्थ आले. जुन्या वस्तूंचा व्यवहार करतो म्हणाले. त्यांनी चहा घेतला, शस्त्र पाहिले, आणि पाच लाखांचा आकडा बोलून दाखवला. अट एकच होती. "मास्तर, तुम्ही लेखक माणूस. या घराण्याचा आणि जॅक्सन प्रकरणाचा संबंध एका पानात लिहून द्या. खाली सही करा. बाकी मी बघतो."

खरे सांगतो, ते पान मला अर्ध्या तासात लिहिता आले असते. डिसेंबरातली थंडी, थिएटराबाहेरचा कालवा, उपरण्याखाली पुरचुंडी लपवून बैलगाडीत बसलेला तरुण, रात्रीची वाट, पहाटेची आरम नदी. चार कादंबऱ्या लिहिलेल्या हाताला हे जड नाही. आणि त्या पानाने एका भल्या माणसाचे कर्ज फिटले असते. कोणाचे नुकसान होणार होते? जॅक्सन जाऊन शंभरावर वर्षे झाली होती.

पण कादंबरीच्या पहिल्या पानावर 'कादंबरी' असे छापलेले असते. वाचक ते वाचून मग फसायला तयार होतो. तो आमचा उभयतांचा करार असतो. या पानावर तसे काही लिहिलेले नसणार होते. आणि ज्या तिघांनी फाशीचा दोर गळ्यात घेतला, त्यांच्या हकिकतीला माझ्या कल्पनेचे ठिगळ लावून ते विकायचे, हे माझ्याच्याने होईना. मी नाही म्हणालो. नाना काही बोलले नाहीत. पुरचुंडी उचलून निघून गेले आणि पंधरा दिवस त्यांनी माझ्या दारावरून जायचे टाळले. समोरासमोर घरे असलेल्या आळीत पंधरा दिवस म्हणजे फार मोठा काळ.

मध्यंतरी मी कायद्याची पुस्तके चाळली. एका वकील मित्राला विचारून खात्री केली, आणि नानांच्या मुलाकरवी निरोप धाडला, की किमतीआधी दुसरी काळजी करा. १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. बळदात बाजरीखाली ठेवण्याला तेवढे कारण पुरेसे होते. त्याला खुनाचा संबंध हवाच असे नाही. १९५९च्या कायद्याने जुन्या घाटाच्या, दुरुस्त करूनही बार निघणार नाही अशा शस्त्राला कलम ४५ खाली सूट दिली आहे खरी. पण आपले शस्त्र त्यात बसते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. शिवाय १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ती परदेशी तर खाजगी माणसाला नेताच येत नाही. पॅरिसचे लिलाव पॅरिसलाच राहतात. पाच लाखांचे गृहस्थ हे सारे जाणून असावेत. कारण पोलिस ठाण्यात अर्ज द्यायचे ठरल्याचे कळताच त्यांचा फोन लागेनासा झाला.

अर्ज देण्याच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या मायने मला बोलावून घेतले. नव्वदीच्या घरातली बाई. दृष्टी अधू, पण कान तीक्ष्ण. खाटेवर बसून त्यांनी सारे ऐकून घेतले. चक्र, खाच, मुकुट नसलेला ठसा. मला वाटत होते, त्या रडतील किंवा रागावतील. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"मास्तर, मन्हा आजेसासरानी ती दपाडी, हाई तं खरं शे ना?"

त्यांनी ती दडवली, हे तर खरे ना. मी म्हणालो, "हो माय, ते खरं. त्याला या घराची भिंत साक्ष आहे."

"मंग झालं," त्या म्हणाल्या.

आणि मग मी त्यांना ठशाची उरलेली गोष्ट सांगितली, जी त्या पाच लाखांच्या धांदलीत सांगायची राहून गेली होती. कान्हेऱ्यांच्या हातातली ती ब्राउनिंग पिस्तुले त्या काळी बनत असत एर्स्ताल गावी. आणि एर्स्ताल हे लिएजला अगदी चिकटून आहे, नदीकाठी, सटाण्याला ठेंगोडा आहे त्याहूनही जवळ. म्हणजे बळदातले हे जुनाट रिव्हॉल्व्हर आणि नाशकातले ते पिस्तूल, दोघे एकाच पंचक्रोशीतले. नात्याचे नव्हेत, पण गाववाले. मोठी माय हसल्या. गाववाल्याची ओळख निघाली की आपल्याकडे निम्मे परकेपण तिथेच संपते.

त्या रात्री मला जॅक्सनची दुसरी बाजू आठवली. हा माणूस संस्कृतचा व्यासंगी होता. लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याने मुंबई इलाख्यातल्या लोककथा, समजुती, भुताखेतांच्या आणि देवऋषींच्या हकिकती जमवायला घेतल्या होत्या. त्यासाठी प्रश्नावल्या गेल्या त्या खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांकडे. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेनने ती सामग्री ग्रंथरूपाने छापली, १९१४ आणि १९१५ साली. त्या पानांखाली बारीक टाइपात मास्तरांचा आणि त्यांच्या गावांचा उल्लेख आहे. अमुक समजूत खरी की खोटी, याचा निवाडा त्या मास्तरांनी केला नाही. लोक असे म्हणतात, एवढेच त्यांनी इमानाने लिहून पाठवले. ज्याने मास्तरांकडून दंतकथा मागवल्या, त्याच्याच मरणाची एक दंतकथा शंभर वर्षांनी एका मास्तराच्या टेबलावर आली होती. तिचे काय करायचे, हे त्या जुन्या मास्तरांनी मला आधीच दाखवून ठेवले होते.

मी कागद घेतला आणि मधोमध उभी रेघ मारली. डाव्या बाजूला वस्तू काय सांगते ते लिहिले: काडीच्या काडतुसाचे, सहा घरांचे, दुमडत्या चापाचे रिव्हॉल्व्हर, लिएजचा ठसा, १८९३ पूर्वीचा, दोन अंकी आकडा, कारखान्याचे नाव नाही. उजव्या बाजूला घर काय सांगते ते लिहिले: मोठ्या मायच्या शब्दांत, अहिराणीत, त्यांना सासूने सांगितले तसे. दोन्ही बाजू कुठे जुळतात आणि कुठे जुळत नाहीत, ते खाली दोन ओळींत. किमतीचा रकाना ठेवला नाही.

शस्त्र अर्जासह पोलिस ठाण्यात जमा झाले. पंचनामा झाला, पावती मिळाली. त्याचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. नानांनी डाळिंबाची बाग उपटली आणि त्या रानात मका-कांदा घेतला. कर्ज निम्मे फिटले आहे, मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या आळीत पुन्हा चहाची ये-जा सुरू झाली, पण ती त्या कागदानंतर.

कागदाच्या दोन प्रती केल्या होत्या. मी अंगठ्याच्या शाईची डबी बरोबर नेली होती. मोठ्या मायने ती बाजूला सारली, पेन मागून घेतले आणि थरथरत्या हाताने, एकेक अक्षर जोडीत, आपले पूर्ण नाव लिहिले. नाना आईकडे पाहातच राहिले. साठ वर्षांच्या त्या लेकाला आई लिहू शकते हे ठाऊक नव्हते. घरात आणखी काय काय दडवून ठेवले होते, कोण जाणे.